गाणे कोणाचे, प्रत कोणाची?

चोरट्या प्रतींचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा दोन टोकांवर जाऊन अडते. एक बाजू म्हणते, चोरी ती चोरी. ती दुकानातल्या साबणाची असो की संगणकातल्या गाण्याची. दुसरी बाजू म्हणते, गाणे ऐकल्याने संपत नाही, पुस्तकाची पीडीएफ मित्राला पाठवली म्हणून आपल्याकडची कमी होत नाही, मग यात चोरी कसली? दोन्ही बाजू ऐकताना एक गोष्ट खटकत राहते. ज्याने ते गाणे लिहिले, ज्याने त्याला चाल लावली, तो माणूस या वादात कुठेच नसतो. कंपनी असते, पदपथावरचा फेरीवाला असतो, पोलीस असतात, ग्राहक असतो. शायर मात्र नसतो.

असे का झाले हे समजून घ्यायचे असेल तर मुंबईच्या चित्रपटगीतांचा इतिहास पाहावा लागतो. साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी, शकील बदायुनी, कैफी आझमी, हसरत जयपुरी ही मंडळी याच शहरात राहून लिहीत होती. त्यांच्यातले कित्येक मुशायऱ्याच्या व्यासपीठावरून चित्रपटात आले. त्यांच्या ओळी देशभर घराघरांत पोहोचल्या, आणि भारतात सर्वांत जास्त नक्कल झाली असेल तर ती बहुधा याच गाण्यांची. म्हणून नकलेचा हिशेब मांडायला यापेक्षा योग्य जागा नाही.

एकरकमी मेहनताना

आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला तो १९०२ साली, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीने गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरवला तो त्याच वर्षी. पुढे कुत्र्याचे चित्र असलेल्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या छापाने बाजारावर असा कब्जा केला की १९७० पर्यंत तबकडी म्हणजे एचएमव्ही असेच समीकरण होते. चित्रपटाचा निर्माता गाण्यांचे हक्क कंपनीला देई, कंपनी तबकड्या विकून निर्मात्याला रॉयल्टी देई. गीतकाराला काय मिळे? बहुतेकांना गाण्यामागे ठरलेली रक्कम, एकदाच. काही मोठ्या नावांना करारातून वाटा मिळवता आला. पण तो त्यांच्या वजनाचा प्रताप होता, हक्क नव्हता.

याच सुमारास, १९६०च्या दशकात, लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात जो मतभेद झाला तो अनेकांना ठाऊक आहे. गाणे विकले जात राहते तोवर गायकालाही त्यातून रॉयल्टी मिळाली पाहिजे, असे लताबाईंचे म्हणणे होते. रफीसाहेबांचे म्हणणे असे की, गाण्याचे पैसे घेतले, तिथे व्यवहार संपला. पुढे निर्मात्याचे नशीब. या वादापायी दोघे काही वर्षे एकत्र गायलेही नाहीत. रफीसाहेबांच्या भूमिकेत एक खानदानी निरपेक्षता होती यात शंका नाही. परंतु ज्या व्यवस्थेत निर्माता आणि कंपनी त्याच गाण्यावर वर्षानुवर्षे कमावत होते, त्या व्यवस्थेत ही निरपेक्षता फक्त कलावंताकडूनच अपेक्षिली जात होती, हेही विसरता येत नाही. साहिर यांनी आकाशवाणीवर गायक आणि संगीतकाराबरोबर गीतकाराचेही नाव घेतले जावे असा आग्रह धरला. नाव जाहीर होण्यासाठीसुद्धा झगडावे लागत होते, तिथे पैशाची काय कथा!

कायद्याने काय केले? १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. लेखकाच्या कृतीवर लेखकाचा पहिला हक्क, हे त्याचे मूळ तत्त्व. पण मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या कामाचे काय, या प्रश्नावर घोळ होता. १९६९ साली गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, स्थापन झाली. चित्रपटगृहांत गाणी वाजतात त्याचेही शुल्क मिळावे, अशी मागणी तिने केली. पूर्व भारतातल्या चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७७ साली निकाल लागला. वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन गाणे करवून घेणारा निर्माता हाच त्याचा पहिला मालक. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला एक स्वतंत्र टिपण जोडले आणि आपल्या कायद्याला गायकाचा हक्क दिसतच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. गायक-वादकांना कायद्यात जागा मिळायला १९९४ ची दुरुस्ती उजाडावी लागली. गीतकाराला आणखी बरीच वाट पाहायची होती.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, चोरट्या प्रतींची लाट आली तेव्हा शायर आधीच बाजाराच्या बाहेर उभा होता.

कॅसेट आली

१९७०च्या दशकाच्या अखेरीस आखातात नोकरीला गेलेली माणसे सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागली. कोकणातल्या रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत तर ज्या घरचा मुलगा दुबई-कुवेतला, त्या घरात टेपरेकॉर्डर, असा तो काळ होता. तबकडीला कारखाना लागे, कॅसेटला लागेना. दोन यंत्रे आणि एक तार जोडली की नक्कल तयार. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली ती न्यायालयात नव्हे, तर या तारेने.

पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या कॅसेटच्या दुनियेवर १९९३ साली एक महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने दिलेल्या आकड्यांनुसार, १९८० साली भारतातल्या ध्वनिमुद्रित संगीताची विक्री सुमारे १२ लाख डॉलर होती. १९८६ पर्यंत ती सुमारे १ कोटी २० लाखांवर आणि १९९० पर्यंत २ कोटी १० लाखांच्या पुढे गेली. दशकाच्या मध्यापर्यंत बाजाराचा ९५ टक्के हिस्सा कॅसेटने व्यापला होता. म्हणजे ज्या वर्षांत चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला, त्याच वर्षांत कायदेशीर विक्रीही अनेक पटींनी वाढली. स्वस्त वस्तूने नवा ग्राहक निर्माण केला. जो कधीच तबकडी विकत घेणार नव्हता तो पानाच्या टपरीवरून कॅसेट नेऊ लागला.

या लाटेचा सर्वांत मोठा स्वार म्हणजे दिल्लीचे गुलशन कुमार आणि त्यांची टी-सीरिज. कायद्यात एक सोय होती: ठरावीक पद्धतीने सूचना देऊन आणि अल्प रॉयल्टी भरून जुने गाणे नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करता येई. या सोयीचा भरपूर वापर झाला. रफी, किशोर, लता यांची गाणी नव्या आवाजांत, निम्म्याहून कमी किमतीत बाजारात आली. जुन्या कंपन्या कोर्टात गेल्या. ग्राहक दुकानात गेला.

दुसरीकडे, ज्या संगीताला मोठ्या कंपनीच्या दारात जागा नव्हती त्याला कॅसेटने आसरा दिला. कव्वाली, नात, भीमगीते, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांची भक्तिगीते आणि लोकगीते गावोगावच्या जत्रांत, उरुसांत पोहोचली. हा या इतिहासाचा उजळ भाग आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

सरकारने १९८४ साली कायद्यात दुरुस्ती करून चोरट्या प्रतींसाठी किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठरवला. कॅसेटवर हक्कदाराचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक केले. पोलिसांचे छापे पडत राहिले. पकडला जाई तो गाडीवरचा पोरगा.

तबकडी नाही, टेप नाही

कॅसेटच्या नकलेला एक निसर्गाचा लगाम होता. नकलेची नक्कल केली की आवाज घोगरा होई, चौथ्या-पाचव्या प्रतीत खरखरीशिवाय काही उरत नसे. अंकीय तंत्राने हा लगाम काढून टाकला. हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. त्यात एमपी थ्री हा प्रकार आला. कानाला फारसे न जाणवणारे आवाज वगळून तो गाणे दहा-अकरा पटींनी लहान करतो. साधारण दर्जाचे पाच मिनिटांचे गाणे सुमारे पाच एमबीत बसते. म्हणजे ७०० एमबीच्या एका सीडीवर सव्वाशे ते दीडशे गाणी. २००० च्या आसपास मुंबईच्या पदपथांवर ‘रफी के १५० गाने’ छापाच्या सीडींचे ढीग लागले ते या गणितामुळे. एका अधिकृत कॅसेटच्या किमतीत पंधरा कॅसेटींचा माल मिळत होता.

अमेरिकेत १९९९ साली नॅप्स्टर सुरू झाले आणि सीडीचीही गरज उरली नाही. गाणी एका घरातल्या संगणकातून दुसऱ्या घरात जाऊ लागली. न्यायालयीन आदेशांनंतर २००१ साली ते बंद पडले, पण वाट सर्वांना समजली होती. जागतिक ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न १९९९ च्या शिखरावरून २०१४ पर्यंत जवळजवळ ४० टक्क्यांनी घसरले. याला कारण फक्त पायरसी होती का, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोघांनी २००७ साली असा निष्कर्ष मांडला की, फुकट उतरवलेल्या गाण्यांचा विक्रीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. इतर अनेक अभ्यासकांनी याला जोरदार विरोध केला आणि नुकसान मोठे आहे असे दाखवले. एवढे मात्र खरे की, प्रत्येक चोरटी प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, हा कंपन्यांचा हिशेब फुगवलेला होता. दीडशे गाण्यांची सीडी घेणारा माणूस पंधरा कॅसेटी कधीच घेणार नव्हता.

आणि तरीही नुकसान झालेच. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीतप्रेमींचे माहेरघर २९ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद झाले. पायरसी आणि ऑनलाइन संगीत या दोहोंनी मिळून त्याचा घास घेतला. गावोगावची कॅसेटची लहान दुकाने तर त्याआधीच मोबाइल रिचार्जची आणि ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्यांची झाली होती.

उलट बाजूचा एक दाखलाही इथे नोंदवायला हवा. एचएमव्हीचा वारसा सांगणाऱ्या सारेगामा कंपनीने २०१७ साली ‘कारवां’ नावाचा एक जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच काढला. त्यात ५,००० जुनी गाणी आधीच भरलेली. किंमत सुमारे सहा हजार रुपये. यातले प्रत्येक गाणे फुकट मिळत असताना लोकांनी तो लाखोंनी घेतला. घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलची झटापट न करता गाणी ऐकता यावीत, एवढीच त्यामागची गरज होती. माणूस फुकट्या आहे म्हणून नक्कल करतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये. बऱ्याच वेळा सोयीची, परवडणारी आणि सन्मानाने विकत घेता येईल अशी वस्तूच त्याच्यासमोर ठेवलेली नसते.

चोरावर मोर

आता नीतीच्या प्रश्नाकडे येऊ. १९८५ साली साहिरच्या गाण्यांची चोरटी कॅसेट ज्याने विकत घेतली, त्याने कोणाचे नुकसान केले? कंपनीचे केले, निर्मात्याचे केले. शायराचे? साहिर १९८० साली गेले होते. पण ते हयात असते तरी एकरकमी व्यवहारात त्या कॅसेटच्या अधिकृत विक्रीतून त्यांच्या घरी काही गेलेच असते, याची हमी नव्हती. त्यामुळे पायरसीविरोधी जाहिरातींत ‘कलावंताच्या पोटावर पाय’ अशी भाषा वापरली जाई, तेव्हा जाणकार मनात हसत. ज्यांनी कलावंताला हिशेबातून वगळले तेच त्याच्या नावाने न्याय मागत होते. आपल्या भाषेत याला चोरावर मोर म्हणतात.

पण या म्हणीत एक धोका आहे. मोराने चोराला लुटले म्हणून मोर काही साव ठरत नाही. पहिल्या अन्यायाने दुसऱ्याला परवाना मिळत नाही. फार तर दुसऱ्याची तक्रार करण्याचा पहिल्याचा नैतिक अधिकार कमी होतो. ज्याचा खरा हक्क, तो दोन्ही वेळा उपाशीच राहतो. फेरीवाल्याच्या सीडीने शायराला न्याय दिला नाही, फक्त त्याच्यावरच्या अन्यायात भागीदार वाढले.

ही स्थिती बदलली २०१२ साली. जावेद अख्तर २०१० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले होते. गीतकार-संगीतकारांची बाजू त्यांनी सभागृहात आणि बाहेर लावून धरली. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी कॉपीराइट दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जूनपासून ती लागू झाली. तिचा गाभा असा: चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते ते सोडून इतर कुठेही, म्हणजे रेडिओवर, फोनवर, इंटरनेटवर, त्याचा वापर झाला तर येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा राहील. हा वाटा तो स्वतःहूनही कोणाला लिहून देऊ शकत नाही. द्यायचाच तर वारसांना किंवा वसुलीसाठी हक्कसंस्थेला. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल.

‘स्वतःहूनही लिहून देऊ शकत नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गरजू माणूस कोणत्याही कागदावर सही करतो, हे कायद्याने ओळखले. लतादीदी आणि रफीसाहेब यांच्या वादाचा निकाल पन्नास वर्षांनी लागला म्हणावा, तर तो एका परीने लताबाईंच्या बाजूने लागला. अर्थात कायदा झाला म्हणजे पैसे हातात पडले असे नव्हे. रेडिओ कंपन्यांनी वेगळी रॉयल्टी द्यायला नकार दिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती द्यावी लागेल असे सांगितले. आयपीआरएसच्या कारभारावरही पूर्वी गंभीर आक्षेप होते. २०१७ मध्ये तिची नव्याने नोंदणी झाली आणि आता तिचे वार्षिक उत्पन्न काही शे कोटींच्या घरात आहे.

या बदलाने आपल्या नैतिक प्रश्नाचे उत्तरही बदलले. आज स्पॉटिफाय, जिओसावन किंवा यूट्यूबवर अधिकृतपणे नवे गाणे वाजते तेव्हा त्याची नोंद होते आणि त्या नोंदीतून, काही पैसे का होईना, लिहिणाऱ्याच्या नावावर जमा व्हायला हवेत असा कायदा आहे. तेच गाणे एखाद्या चोरट्या संकेतस्थळावरून उतरवून टेलिग्रामवर फिरवले तर ती नोंदच होत नाही. १९८५ चा खरेदीदार कंपनीला चुकवत होता. आजचा, कळत-नकळत, शायराला चुकवतो.

आणि आपली पुस्तके

हे सारे पुराण इथे सांगायचे कारण, हाच प्रश्न आता आपल्या उंबरठ्यावर आला आहे. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद होती तेव्हा तर त्यांचा पूर आला. ‘ज्ञानाचा प्रसार’ म्हणून लोक त्या पुढे पाठवतात, दुवाही मागतात.

ज्ञान लपवू नये, वाटावे, ही शिकवण आपल्याला परकी नाही. याच आधारावर उपखंडातल्या काही ज्येष्ठ मुफ्तींनी लेखनहक्क विकणे मान्य केले नव्हते. ज्याने पुस्तक विकत घेतले तो त्याचा मालक, त्याने छापले तर कोण अडवणार, असा तो विचार. पण छापखान्याच्या आणि नंतरच्या काळात हा विचार पुन्हा तपासला गेला. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की, लेखकाचा आणि संशोधकाचा हक्क हा शरियतने संरक्षित हक्क आहे, त्यावर अतिक्रमण करता येत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी असे मानणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. ज्ञान वाटणे हे लेखकाचे पुण्य. त्याची मजुरी बुडवणे हे वाटणाऱ्याचे पुण्य कसे होईल?

तरीही सगळ्या प्रती एका मापाने मोजणे बरोबर नाही. मराठी मुस्लिम लेखकांची कितीतरी पुस्तके पाचशे-हजार प्रतींच्या एकाच आवृत्तीनंतर दिसेनाशी झाली. प्रकाशन बंद पडले, वारसांना ठाऊक नाही, ग्रंथालयातली प्रत वाळवीने खाल्ली. अशा पुस्तकाची एखाद्याने कष्टाने पाने स्कॅन करून ठेवली असतील तर कायदा काहीही म्हणो, त्याने बाजाराचे काहीच नेलेले नाही; बाजाराने टाकून दिलेले वाचवले आहे. मात्र तिथेही लेखकाच्या घरच्यांना विचारणे, नाव शाबूत ठेवणे आणि पैसे न कमावणे एवढे पथ्य पाळायलाच हवे. याच्या नेमके उलट, गेल्या वर्षी निघालेल्या कवितासंग्रहाची पीडीएफ. साहित्यिक पुस्तकावर लेखकाला साधारण दहा टक्के मिळतात. पाचशे प्रतींतल्या शे-दोनशे विकल्या गेल्या नाहीत तर त्याची रक्कम किरकोळच बुडते, पण प्रकाशक दुसरे पुस्तक घेताना दहादा विचार करतो. मोठ्या लेखकाला नक्कल प्रसिद्धी मिळवून देते असे म्हणतात, ते काही अंशी खरेही असेल. लहान लेखकाला ती फक्त पुढचे पुस्तक नाकारते.

चित्रपटगीतांच्या इतिहासाने हे शिकवले की, कायदा उशिरा येतो, तंत्र लवकर येते, आणि मधल्या काळात लिहिणारा उघड्यावर असतो. साहिर-मजरूहच्या पिढीला मधल्या त्या काळात कंपनीनेही वगळले आणि श्रोत्यांनीही. श्रोत्यांचे प्रेम कमी नव्हते. त्या प्रेमाचा पैसा त्यांच्यापर्यंत जाणारी वाटच नव्हती. आपल्या लेखकांपर्यंत ती वाट आज आहे. पुस्तकाच्या किमतीएवढी लहान, पण आहे. पीडीएफ पुढे पाठवण्याआधी एवढेच पाहावे की हे पुस्तक विकत मिळते का, आणि लिहिणारा हयात आहे का. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर मित्राला पुस्तकाचे नाव आणि प्रकाशकाचा पत्ता पाठवावा. वाचनाचा प्रसार त्यानेही होतो, आणि लिहिणाऱ्याची मजुरीही बुडत नाही.